वाकड्या पाठीची चिलापी : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सुनंदा (ब-१०३): सर्वांना नमस्कार. आज सकाळी बेळगावच्या कंग्राळीजवळ मार्कंडेय नदीवर गळ टाकून बसलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून मी चार चिलापी आणल्या. खवले काढताना लक्षात आले की एकीची पाठ शेपटीच्या अलीकडे विळीच्या पात्यासारखी वर उचललेली आहे आणि एका बाजूचे कल्ल्यावरचे झाकण अर्धेच असल्याने आतला लाल कल्ला उघडा दिसतो. बाकीच्या तीन धडधाकट आहेत. फोटो टाकला आहे. या खाव्यात की टाकून द्याव्यात?

राजू (क-३०१): काकू, टाकूनच द्या. हे कारखान्यांच्या पाण्याचेच काम आहे. मी हा फोटो आजच वर्तमानपत्राकडे पाठवतो.

देसाई सर (अ-२०२): राजू, फोटो पाठवण्यापूर्वी थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे. प्रदूषित पाण्याने माशांच्या पाठी वाकतात हे खरे आहे. पिकांवर फवारल्या जाणाऱ्या काही कीटकनाशकांमुळे माशाचे स्नायू इतक्या जोराने आखडतात की कोवळ्या पिल्लाचा कणा मोडतो आणि तसाच वाकडा जुळून येतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात बेल्यूज तलावात वीजकेंद्राच्या कोळशाच्या राखेतून सेलेनियम हे मूलद्रव्य पाण्यात उतरले, तेव्हा माद्यांच्या शरीरातून ते अंड्यांतील बलकात गेले, पिल्ले वाकडी निपजली आणि माशांच्या २० जातींपैकी १९ तलावातून नाहीशा झाल्या. परंतु पाठ वाकण्यामागे जीवनसत्त्व क ची कमतरता, परजीवी, अंडी उबताना बिघडलेले तापमान किंवा लहानपणीची इजाही असू शकते. शिवाय चिलापी मूळची आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणलेली. मोजक्या माशांपासून वाढलेल्या वंशात जवळच्या नात्यातील संकरामुळेही व्यंगे येतात. एका माशावरून कोणावर आरोप करता येणार नाही.

राजू (क-३०१): सर, आपले म्हणणे मान्य आहे. पण मग काहीच सिद्ध होत नाही म्हणून आपण हातावर हात धरून बसायचे का?

देसाई सर (अ-२०२): मुळीच नाही, मोजायचे. जेम्स कार यांनी १९८१ मध्ये नदीचे आरोग्य ठरवण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात गाठी, झिजलेले पर आणि व्यंगे असलेल्या माशांचे प्रमाण हा एक निकषच आहे. याच नदीवरच्या राकसकोपच्या धरणाखाली, शहराचे पाणी मिसळण्याआधी जे मासे मिळतात आणि कंग्राळीच्या खाली जे मिळतात, त्यांतील एकाच जातीचे व साधारण एकाच आकाराचे शंभर-शंभर मासे पाहिले आणि खाली व्यंगे स्पष्टपणे जास्त आढळली, तर तक्रारीला वजन येईल. आपण जाळे टाकायला नको, गळ टाकणाऱ्यांच्या बुट्ट्या पाहिल्या तरी पुरे. पाण्यातील प्राणवायू मात्र सूर्योदयापूर्वी तपासायला हवा, कारण दुपारी शेवाळ प्राणवायू सोडते आणि रात्रभर घुसमटलेली नदीही त्या वेळी निरोगी भासते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार माशांसाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो.

खाण्याविषयी सांगायचे तर व्यंग काही संसर्गजन्य नसते. परंतु धडधाकट दिसणाऱ्या तिघीही त्याच पाण्यातल्या आहेत. बरेच जड धातू यकृतात आणि मूत्रपिंडात साठतात, म्हणजे पोटातले काढून टाकल्याने थोडा फायदा होतो. पारा मात्र मांसात साठतो आणि शिजवून जात नाही. मी असतो तर चारही खाल्ल्या नसत्या. हे शास्त्र नव्हे, घरगुती सावधगिरी आहे.

सुनंदा (ब-१०३): सर, आपला संदेश वाचेपर्यंत सासूबाईंनी दोन तळल्या होत्या, त्या आता बाजूला ठेवल्या आहेत. वाकडी चिलापी पिशवीत घालून, वर जागा आणि तारीख लिहून फ्रीजरमध्ये ठेवली आहे. आमच्या घरातील कोणी ती चुकून आमटीसाठी काढू नये म्हणून पिशवीवर लाल दोराही बांधला आहे.

राजू (क-३०१): फोटो पाठवलेला नाही. रविवारी पहाटे पाच वाजता मी गाडी घेऊन गेटवर थांबतो. सर, प्राणवायू तपासण्याचा संच महाविद्यालयातून मिळेल का?

देसाई सर (अ-२०२): उद्या विचारून सांगतो. वही मी आणतो.