विषय: जूनची सहल – मारी, विल्यम क्रीक, कूबर पीडी (दक्षिण ऑस्ट्रेलियाचा वाळवंटी भाग)

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

जूनच्या लाँग वीकेंडचा आराखडा असा आहे. शुक्रवारी ऑफिस सुटलं की ॲडलेडहून निघायचं, मुक्काम हॉकर. शनिवारी हॉकर–मारी–विल्यम क्रीक, वाटेत लेक एअर हा खारा तलाव बघायचा आणि सूर्यास्ताला त्याच्याच काठावरचं हॅलिगन बे गाठायचं. रविवारी कूबर पीडी, दुपारी ओपलच्या खाणी. सोमवारी घरी.

मारी ते विल्यम क्रीक २०४ किलोमीटर आहे. फोनवरचा नकाशा तीन तासांच्या आतलीच वेळ दाखवतोय, त्यामुळे घाई होणार नाही. पाच गाड्या ठरल्या आहेत. हरकती असतील तर रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: आबा

समितीस सा. न.

हरकत आहे, आणि ती शनिवारच्या पूर्ण दिवसाला आहे.

नोकरीची बरीच वर्षं माझी रॉक्सबी डाउन्सकडे गेली. तिकडे "किती लांब?" असं विचारलं की उत्तर तासांत येतं आणि पाठोपाठ "पाऊस नसेल तर" हे येतंच. नकाशाला रस्ता कच्चा आहे एवढं कळत असेलही, पण ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) कालच फिरून गेलाय की दोन महिन्यांपूर्वी, हे त्याला कळत नाही. तिथली सगळी वेळ त्यावर ठरते. ग्रेडर फिरून बरेच दिवस झाले, वर गुरांचे ट्रक आणि कॅरॅव्हॅन जात राहिले, की रस्त्यावर आडव्या लाटा उठतात, म्हणजे कॉरुगेशन्स. त्यावर ताशी ८० ने चाललेली गाडी दहा मिनिटांत ५० वर येते. कोरडा नाला आडवा आला, गुरांसाठी टाकलेली लोखंडी जाळी आली, समोरून ट्रक आला, प्रत्येक वेळी गती मोडते. म्हणून हिशेब ताशी ६० चा धरावा. म्हणजे २०४ किलोमीटरला साडेतीन तास, तेही गाडीतून न उतरता.

आणि आपण उतरणारच. लेक एअर साउथ, म्हणजे तलावाचा दक्षिणेकडचा भाग, रस्त्यावरूनच दिसतो, तिथे सगळे फोटो काढणार. कर्डिमर्काला जुन्या घान रेल्वेचं (ॲलिस स्प्रिंग्जकडे जाणाऱ्या जुन्या मार्गाचं) स्टेशन आहे. पुढे ब्लँश कप आणि बबलर हे झरे मुख्य रस्त्यापासून थोडे आत आहेत, वाळवंटाच्या मधोमध जमिनीतून पाणी उकळल्यासारखं वर येतं, ते न बघता पुढे गेलात तर जायचंच कशाला? कोवर्ड स्प्रिंग्जला कोमट पाण्याचं कुंड आहे, मुलं त्यात उतरली की अर्ध्या तासात बाहेर येत नाहीत. थांबण्यातच अडीच तास जातात.

आता घड्याळ. हॉकर ते मारी पावणेतीनशे. सकाळी साडेसातला निघालात तर अकराला मारी. पेट्रोल, कच्च्या रस्त्यासाठी पाच गाड्यांच्या टायरची हवा कमी करणं, चहा, बाथरूम, की वाजले बारा. बारा अधिक साडेतीन अधिक अडीच म्हणजे सहा. जूनमध्ये तिकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. हॅलिगन बे हा आणखी साठेक किलोमीटर आतला फाटा आहे, फोर व्हील ड्राइव्हचा. तिथला सूर्यास्त तुम्हाला गाठता येणार नाही, आणि गाठलात तर परत अंधारात यावं लागेल. संध्याकाळनंतर कांगारू आणि इमू रस्त्यावर असतात. काळ्या गाई तर दिव्यांत अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत.

गणपतीला मुंबईहून चिपळूणला निघताना आपण किलोमीटर मोजतो का? पहाटे किती वाजता सुटायचं तेवढंच विचारतो.

प्रेषक: युवा शाखा

आबा, एवढं घाबरवू नका! कॉरुगेशन्सवर हळू गेलं तरच गाडी जास्त हादरते. ८०–९० ला नेली की चाकं लाटांच्या माथ्यावरून तरंगत जातात, हे मी स्वतः अनुभवलंय. आणि तिथे वेगमर्यादा तशीही १०० ची आहे. मग ६० कशासाठी?

शिवाय एवढ्या लांब जातोच आहोत तर विल्यम क्रीकच्या पुढे उडनाडाटा गावापर्यंत जाऊ. अल्गेबकिनाचा रेल्वेपूल बघायचाय.

प्रेषक: आबा

तरंगतात, खरं आहे. पण तरंगणारं चाक जमिनीला जेमतेम टेकलेलं असतं, म्हणजे ब्रेकही जेमतेम आणि स्टिअरिंगही जेमतेम. वळणावर किंवा नाल्याच्या उतारावर ते कळतं, तोवर उशीर झालेला असतो. त्यात हवा कमी केलेला टायर जोरात पळवला की तापतो. हवा कमी केलीत तर ८० च्या वर जायचं नाही, आणि न करता गेलात तर तिथले धारदार दगड आहेतच. स्टेपनी शक्यतो दोन हव्यात.

१०० ही कायद्याने घातलेली वरची मर्यादा आहे. तिथल्या रस्त्याला ती माहीत नाही.

पाच गाड्यांचा हिशेबही वेगळा होतो. पुढच्या गाडीचा धुरळा वारा नसेल तर हवेत तसाच लटकतो, म्हणून प्रत्येकीने चांगलं अंतर ठेवायचं. शेवटची गाडी प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं उशिरा पोचते, आणि ती पोचली की पहिलीतले लोक "चला" म्हणतात. एकीचं पंक्चर म्हणजे पाचांचा अर्धा तास. रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, ५० मीटरहून लांब असू शकते, समोरून येताना दिसली की डावीकडे घेऊन जवळजवळ थांबा. दगड उडतात, काच जाते.

पूल बघण्यासारखाच आहे, १८९२ चा, ५७८ मीटर लांब. पण विल्यम क्रीकहून उडनाडाटा आणखी दोनशे किलोमीटर, सगळे कच्चे. या खेपेला नको.

प्रेषक: प्रॉस्पेक्टची वहिनी

दोन गोष्टी. ज्या दोघांनी गाड्या भाड्याने घ्यायचं ठरवलंय, त्यांनी करार आजच वाचा. साध्या गाड्यांच्या करारात बहुतेक वेळा कच्च्या रस्त्यावर विमा लागू नसतो, आणि तिथून गाडी ओढून आणायचं बिल हजारांत जातं.

दुसरं, पाऊस. रात्रभर पडला तरी रस्ता काही दिवस बंद राहू शकतो, आणि बंदची पाटी असताना गाडी घातली तर मोठा दंड. निघायच्या दिवशी सकाळी सरकारी रोड रिपोर्ट बघायचाच. तेव्हा समितीने डांबरी रस्त्याचा पर्यायही आधीच ठरवून ठेवावा, म्हणजे पोर्ट ऑगस्टाहून स्टुअर्ट हायवेने सरळ कूबर पीडी. मारीत उभं राहून पाच कुटुंबांनी चर्चा सुरू केली तर संध्याकाळ तिथेच होईल.

मारी सोडलं की फोनची रेंज विसरा. सॅटेलाइट फोन किंवा बीकन (संकटात मदतीचा संदेश पाठवणारं यंत्र) कोण आणतंय? पाणी माणशी दिवसाला निदान ५ लिटर, एक दिवस जादा धरून. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, हे मुलांनाही सांगून ठेवा.

प्रेषक: सहल समिती

मंडळी, बदललेला बेत असा. शुक्रवारचा मुक्काम पोर्ट ऑगस्टा, कारण रात्री हॉकरच्या रस्त्यालाही कांगारू असतातच. शनिवारी सुमारे पावणेचारशे किलोमीटर करून मारी. दुपारी जुन्या घानची इंजिनं आणि पूर्वी उंटांवरून माल नेणाऱ्या उंटवाल्यांची मशीद. त्यांच्यातले कितीतरी बलुचिस्तान, सिंध, पंजाबकडून आलेले होते, तेव्हा मुलांना सांगण्यासारखं बरंच आहे.

रविवारी सकाळी आठला मारी सोडायचं आणि सगळे थांबे घेत चारच्या आत विल्यम क्रीक. हॅलिगन बे रद्द. ज्यांना तलाव वरून बघायचाय त्यांनी सोमवारी सकाळी छोट्या विमानाचं ज्याचं त्याने बघावं, गाड्या मात्र साडेदहाला निघतील. तिथून कूबर पीडी १६६ किलोमीटर, ताशी ६० ने पावणेतीन तास, आम्ही चार धरले आहेत. मंगळवारी साडेआठशे किलोमीटर डांबरी रस्त्याने घरी, दोन चालक असलेल्या गाड्यांनीच. एकटा चालक असेल त्याने आम्हाला लिहा, सोबत देऊ.

रस्ता बंद असेल तर वहिनी म्हणतात तसं स्टुअर्ट हायवेने. शनिवारी पोर्ट ऑगस्टा सोडण्याआधी सात वाजता ठरेल, त्यानंतर बदल नाही.

म्हणजे मंगळवारची रजा लागणार. कोणाला जमतंय ते कळवा. टायरमध्ये परत हवा भरायला कॉम्प्रेसर कोणाकडे आहे?

प्रेषक: प्रॉस्पेक्टची वहिनी

आमच्या दोघांची मंगळवारची रजा मंजूर झाली. बीकन आम्ही आणतो. कॉम्प्रेसर आहे, पण त्याची नळी मागच्या चाकांपर्यंत पोचत नाही. लांब नळीवाला आणखी एक कोणीतरी आणा.