मदत हवी आहे : १ पेत्र २:२४ मधील ‘मोलोप्स’ – ‘वळाने’ की ‘वळांनी’?

नमस्कार. आमच्या अभ्यासगटासाठी पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय मूळ ग्रीकवरून मराठीत आणताना चोविसाव्या वचनाच्या शेवटच्या, ख्रिस्ताविषयीच्या वाक्यातील (‘ज्याच्या वळाने/वळांनी तुम्ही बरे झालात’) ‘मोलोप्स’ म्हणजे ‘वळ’ या नामापाशी मी अडलो आहे. ग्रीक जाणणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नव्या करारात ‘मोलोप्स’ हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो. कातडी फाटून होते ती जखम ‘त्राउमा’, तडाखा आणि त्याने झालेली इजा या दोन्हींसाठी ‘प्लेगे’, आणि मार बसल्यावर अंगावर उठतो तो ‘मोलोप्स’, असे मी समजतो. जुन्या करारातील यशया या हिब्रू ग्रंथाच्या १:६ च्या प्राचीन ग्रीक अनुवादात हे तिन्ही शब्द एकाच वाक्यात येतात, त्यामुळे ‘जखम’ किंवा ‘घाव’ यांपेक्षा ‘वळ’ हाच शब्द मला योग्य वाटतो. शिवाय हा उपदेश अठराव्या वचनापासून घरच्या दासांना उद्देशून आहे आणि विसाव्यात त्यांना बसणाऱ्या माराचा उल्लेख आहे. वळ म्हणजे काय, हे त्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागले नसेल.

खरी अडचण एकवचनाची आहे. ‘मोलोपी’ हे पुल्लिंगी नामाचे चतुर्थी एकवचन असून, ग्रीकमध्ये तृतीया वेगळी नसल्याने साधनाचा अर्थ येथे चतुर्थीनेच व्यक्त होतो. यशया ५३:५ च्या ग्रीक अनुवादात हेच रूप आहे आणि त्यामागचा हिब्रू शब्दही एकवचनीच आहे. विशेष म्हणजे यशयातील ‘आम्ही बरे झालो’ याचे पत्रात ‘तुम्ही बरे झालात’ असे होते, म्हणजे क्रियापदाचा पुरुष बदलतो, पण नाम एकवचनीच राहते. मराठीत ‘वळ उठला’ आणि ‘वळ उठले’ यांत नामाचे रूप तेच असले, तरी तृतीयेत ‘वळाने’ किंवा ‘वळांनी’ असा निर्णय घ्यावाच लागतो. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतराने अनेकवचन पत्करले आहे.

फटके कितीही बसले तरी आपण ‘मार बसला’ असेच म्हणतो. हे एकवचनही तसेच समूहवाचक मानावे, की सारी पाठच एक वळ झाली असे चित्र त्यात पाहावे? तसेच, ‘हू’ म्हणजे ‘ज्याच्या’ हे सर्वनाम आधी असूनही काही हस्तलिखितांत ‘मोलोपी’नंतर ‘आउतू’, म्हणजे ‘त्याच्या’, असे आणखी एक सर्वनाम आढळते. ते यशयाच्या पाठावरून आले असे धरावे का?

माझा कल ‘वळाने’कडे आहे, परंतु ते मोठ्याने वाचले की एकच फटका बसल्यासारखे ऐकू येते, आणि तेवढ्यासाठी मूळचे एकवचन सोडून देणे मला जड जाते.