मदत हवी आहे : कॉलेजच्या जुन्या वर्कशॉपमध्ये गेमिंग रूम करायची आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं जुनं स्मिथी शॉप (लोहारकामाची कार्यशाळा) बरीच वर्षं बंद आहे. जाड दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं. तिथे विद्यार्थ्यांसाठी ई-स्पोर्ट्सची, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांची खोली करायला प्राचार्यांनी होकार दिलाय. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती, हे सांगितल्यावर त्यांना पटलं. पैसे लावून खेळण्याचा तर प्रश्नच नाही.

खरी अडचण उष्णतेची. २० कॉम्प्युटर, खेळताना प्रत्येकी ५०० वॅट धरले तर १० किलोवॅट. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहणार, म्हणजे नुसत्या यंत्रांसाठीच जवळपास ३ टनांचा एसी लागेल. माणसं आणि उन्हाने तापलेली कौलं वेगळीच! इन्सुलेशन घालून फॉल्स सीलिंग केलं, तर पावसाळ्यातली गळती वर लपून राहील आणि एक दिवस थेट मशीनवर उतरेल, ही भीती वाटते. कौलं तशीच ठेवून कुणी असं काम केलंय का? काय वापरलंत?

दगडी भिंतीत खाचा मारायच्या नाहीत, वायरिंग भिंतीवरूनच नेऊ. पण लॅन (कॉम्प्युटर जोडणारं नेटवर्क) आणि विजेच्या केबलमध्ये अंतर किती ठेवता? वाय-फायवर सामने खेळवायचे नाहीत, हे पक्कं.

दाराचा उंबरठा उंच आहे, व्हीलचेअरसाठी रॅम्प करणारच आहोत.

आणि भट्टीचं धुराडं. ठेकेदार पाडा म्हणतोय, मला ते जपायचंय. ते ठेवून टेबलांची मांडणी कशी करावी, कृपया सुचवा.