लिचेस: माझे ६ गेले, समोरच्याला ३१ कसे मिळाले?

प्यादेमात
लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर ब्लिट्झ ५+३ (पाच मिनिटं, दर खेळीला तीन सेकंद वाढीव), दोघांचंही रेटिंग १६००. डाव हरलो तर माझे ६ गुण गेले आणि समोरच्याला ३१ मिळाले. मधले २५ आले कुठून? फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) हिशेबात एकाचे जातात तेवढेच दुसऱ्याला मिळतात ना?

दुसरी शंका. रेटिंग वर्षभर १५७० ते १६२० मध्येच घोटाळतंय. सलग चार-पाच जिंकले की लगेच तगडा गडी समोर येतो आणि सगळं वसूल होतं. निकाल ५०-५० राहावा म्हणून हे मुद्दाम करतात का?

"सराव वाढवा" हे उत्तर सोडून काहीही चालेल.

घोडा_अडीच
रेटिंग गल्ल्यातल्या पैशांसारखं मोजलं की हा घोळ होतो. तो तुमच्या ताकदीचा अंदाज आहे, आणि दोघांचे अंदाज वेगवेगळे दुरुस्त होतात.

फिडेतही दोन्ही बाजू जुळतातच असं नाही. तिथे नव्या खेळाडूचा के-गुणक (एका डावाने रेटिंग किती हलू शकतं ते ठरवणारा आकडा) पहिल्या ३० डावांपर्यंत ४० असतो, नंतर २०, आणि एकदा २४०० गाठलं की १०. समान रेटिंगचे दोघे खेळले आणि ४० वाला जिंकला, तर त्याला २० मिळतात आणि २० वाल्याचे १० जातात.

लिचेस एलो, म्हणजे फिडेची ही पद्धत, वापरत नाही. तिथे मार्क ग्लिकमन यांची ग्लिको-२ पद्धत आहे. तिच्यात प्रत्येकाच्या रेटिंगला एक आरडी, म्हणजे रेटिंग डेव्हिएशन, जोडलेला असतो. अंदाज किती कच्चा आहे हे तो सांगतो. नव्या खात्याचं रेटिंग १५०० आणि आरडी ५००. खेळत राहिलात की आरडी उतरत जातो, पण ४५ च्या खाली जाऊ देत नाहीत. ११० च्या वर असला की रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह दिसतं.

आता तुमचा डाव. तुम्ही रोज खेळत असाल तर तुमचा आरडी ४६ च्या आसपास धरा, समोरच्याचा ११०. सूत्रात घातलं की तुमचे साधारण ६ जातात आणि त्याला ३१ मिळतात, अगदी तुम्ही सांगितलेले आकडे. खातं कोरं, म्हणजे आरडी ५०० असतं, तर त्याच एका विजयाचे त्याला २०० च्या वर मिळाले असते. तुमचं नुकसान थोडं कमी होण्याचं कारणही हेच: ज्याच्या ताकदीचाच भरवसा नाही, त्याच्याकडून झालेली हार कमी वजनाची.

न खेळल्याने आरडी पुन्हा वाढतो. आकडेमोड अशी बसवली आहे की ६० चा ११० व्हायला साधारण एक वर्ष लागावं. समोरचा बहुधा बऱ्याच खंडानंतर परतलेला असणार. त्याच्या प्रोफाइलवर ब्लिट्झच्या आकड्यावर टिचकी मारा, आरडी दिसेल.

प्यादेमात
पाहिलं. त्याचा १०५ दाखवतोय, ११० नाही.

घोडा_अडीच
बरोबरच आहे. दिसतो तो डावानंतरचा. त्या एका डावाने ११० चा १०५ झाला.

उंट_तिरका
दुसऱ्या शंकेचं.

पाच सलग विजयांनी तुमचं रेटिंग जेमतेम ३० ने वाढतं. मग प्रतिस्पर्धीही ३० ने वरचा मिळतो. ३० गुणांच्या फरकात वरच्याची अपेक्षित कमाई (विजयाचा १, बरोबरीचा अर्धा गुण धरून) ५४ टक्के, म्हणजे नाणेफेकीच्या जवळच. १०० चा फरक असेल तर ६४, २०० ला ७६, ४०० ला ९१. "तगडा गडी" म्हणावा असा फरक ३० गुणांत पडत नाही.

मालिका मात्र पडतात, आणि आपण समजतो त्याहून जास्त. प्रत्येक डाव निव्वळ ५०-५० असला (बरोबरी सोडून द्या), तरी १०० डावांत कुठेतरी सलग ५ हारी येण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के आहे. सलग ६ ची सुमारे ५५. लक्षात फक्त त्याच राहतात.

लॉबीतल्या, म्हणजे गडी शोधायच्या पानावरच्या, झटपट जोडणीत रेटिंग जवळचं शोधतात. जोडी जुळली नाही की पुढच्या फेरीत थोडा जास्त फरक चालवून घेतात. त्यामुळे गर्दी नसलेल्या वेळी, किंवा फार कमी लोक खेळतात अशा वेळमर्यादेत, लांबचा गडी मिळतो. ब्लॉक केलेल्याशी जोडत नाहीत. हरताना घड्याळ चालू ठेवून बसून राहणाऱ्यांची गाठ शक्यतो तशाच लोकांशी घालतात. (यात तरी न्याय आहे.)

अरीना स्पर्धेत (ठरलेल्या वेळात लागोपाठ डाव खेळायचे) मात्र वेगळं. तिथे जोडी स्पर्धेतल्या क्रमांकावरून पडते. २ गुणांचे विजय, सलग दोन झाले की पुढचे ४ चे, असं करत वर चढलात की ३०० ने मोठा माणूस समोर येणारच. तुमचे "वसूल" झालेले डाव अरीनातले आहेत का, तेवढं तपासा.

आणि १५७० ते १६२० म्हणजे अडकणं नव्हेच. आरडी ४५ असताना १६०० चा अर्थ, दोन्ही बाजूंना दोन-दोन आरडी धरून, साधारण १५१० ते १६९० मधलं काहीतरी असा घ्यायचा.

झेंडा_पडला
खरोखर सुधारणा झाली तरी आकडा सावकाश हलतो, हे कुणी सांगत नाही. ताकद आकड्यापेक्षा १०० ने वाढली आहे असं धरा. ६४ टक्के कमाईने सुरुवातीला डावामागे सरासरी पावणेदोन गुण. अंतर कमी होतं तसा वेगही कमी होतो. अर्धं अंतर कापायला सुमारे ४० डाव, उरलेल्याचं अर्धं कापायला आणखी ४०. दहा डावांवरून निष्कर्ष काढू नये.

लॉबीत रेटिंगची मर्यादा खाली सरकवून सोपे गडी गाठायची युक्ती काही जण करतात. ४०० ने खालच्याला हरवलं तर १ गुण मिळतो, हरलात तर ११ जातात. धंदा परवडत नाही.

वेळमर्यादाही नीट बघून निवडा. लिचेस सुरुवातीचे सेकंद अधिक ४० गुणिले वाढीव सेकंद असा हिशेब करतं. १८० च्या आत बुलेट, ४७९ पर्यंत ब्लिट्झ, १४९९ पर्यंत रॅपिड. ५+३ चे ४२० होतात, म्हणून ब्लिट्झ. ५+५ चे ५०० होतात, म्हणून रॅपिड, पाटी पाच मिनिटांची असली तरी. प्रत्येक प्रकाराचं रेटिंग स्वतंत्र.

भालाईत
तुम्ही बुद्धिबळवाले सुखी. एकास एक खेळ, एक निकाल. एज ऑफ एम्पायर्स २ या संगणकावरच्या युद्धाच्या खेळात चौघांच्या संघाचं बघा. म्हणून तर तिथे संघाचं आणि एकट्याचं रेटिंग वेगळं ठेवलंय.

खरी अडचण सरासरीची. एका संघात चौघेही १४५०, दुसऱ्यात दोन २००० चे आणि दोन ९०० चे. सरासरी तीच, खेळ मुळीच तसा नाही. नकाशावर दोन जण कडेला, शत्रूच्या जवळ असतात, दोन आत पॉकेटमध्ये. ९०० वाला कडेला आला की पहिला हल्ला त्याच्याच गावकऱ्यांवर, आणि २००० वाला आत शेती वाढवत बसलेला असताना कड मोडलेली असते. मोठा माणूस कडेला असेल तर उलटा निकाल. हे सरासरीत दिसत नाही.

संघाच्या निकालातून एकेकट्याची ताकद काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ट्रूस्किल बनवलं. त्यात सुरुवातीचा अंदाज २५ आणि अनिश्चितता त्याच्या एक तृतीयांश, ८.३३. क्रमवारीसाठी अंदाजातून अनिश्चितता तीनदा वजा करतात, म्हणून नवा माणूस शून्यावर असतो. नुसतं खेळत राहिलं तरी अनिश्चितता घटते आणि आकडा चढतो. लोकांना वाटतं आपण सुधारतोय.

प्यादेमात
घोडा_अडीच, उंट_तिरका, आभार. तपासलं, हरलेल्या शेवटच्या ११ पैकी ७ अरीनातले निघाले.

@झेंडा_पडला, म्हणजे ५+५ चे सगळे डाव रॅपिडला जमा झालेत! तिकडचे १७२० कुठून आले ते आत्ता कळलं.