पोरं स्वतःला इजा करून घेतात हे शाळेला कळलं तर घरी त्याच दिवशी सांगायचं का?

फोंड्याची ताई: ओळखीतल्या एका नववीतल्या मुलीने काउन्सेलरला विश्वासाने सांगितलं की मी स्वतःला इजा करून घेते, आणि त्याच दुपारी आईवडिलांना शाळेत बोलावणं. वडील ऑफिसबाहेर प्यूनसमोरच तिच्यावर ओरडले. आता ती कोणाशीच बोलत नाही. माझं मत, जिवाला लगेच धोका नसेल तर आधी तिला विचारा, घरी कसं आणि कोणी सांगायचं ते तिच्याबरोबर ठरवा. लपवा म्हणत नाहीये.

डिचोलीचा बाप: वा! पोरगी माझी आणि कळणार मला सगळ्यांच्या शेवटी? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात अठराच्या आतल्या मुलांचे उपचाराचे निर्णय पालकांकडेच आहेत. आणि धोका नाही हे ठरवणार कोण, कॉन्ट्रॅक्टवर लागलेली काल-परवाची पोरगी?

सत्तरीची बाई (शिक्षिका): उपचाराचे निर्णय पालकांचे, बरोबर. पण पोराचं आधी ऐकून घेतलं म्हणून कोण कोर्टात खेचणार आहे? आणि ऐकायला जागा तरी कुठे आहे! आमच्याकडे काउन्सेलर आठवड्यातून दोन दिवस येते, तिला दिलीय स्पोर्ट्सची खोली, कॅरमबोर्ड आणि व्हॉलीबॉलच्या जाळ्यांच्या ढिगात एक टेबल, दाराला कडी नाही, मध्येच कोणीतरी बॉल मागायला आत. तिथे कोण मन मोकळं करणार सांगा.

म्हापशेकर काका: सगळी मोबाईलची नाटकं. लक्ष वेधून घ्यायला करतात.

सायकॉलॉजी टीवाय: काका, लक्ष वेधायचं असतं तर लपवलं असतं का? बहुतेक पोरं लपवतातच. मनात जे मावत नाही ते थोडा वेळ तरी शांत व्हावं म्हणून करतात, मरायचाच विचार असतो असं नाही, पण पुढे आत्महत्येचा धोका वाढतो म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आणि डिचोलीकर, ब्रिटनमध्ये उपचार कसे करावेत ते सांगणारी नाइस नावाची संस्था आहे, तिच्या 2022 च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की धोक्याचे फॉर्म भरून, मार्क मोजून कोणाला मदत द्यायची ते ठरवू नका, माणसाशी बसून नीट बोला. म्हणजे त्या काल-परवाच्या पोरीला ट्रेनिंग द्या आणि वर विचारायला कोणीतरी सीनियर द्या, एवढंच.

बार्देशकर: 14416 लावा की, टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, आपल्या भाषेत बोलता येतं.

सत्तरीची बाई: नंबर चांगलाच आहे, मी फळ्यावर लिहिते पण. पण दोन खोल्यांचं घर, बाजूला आजी, फोन बापाच्या खिशात, पोरगी बोलणार कुठून? आणि वाळपईहून बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, न्यायचं तर घरच्यांची एका दिवसाची मजुरी गेली, वर तिथे कोणी ओळखीचं भेटलं की गावभर. प्रायमरी हेल्थ सेंटरात कोणी बसवा. संगात या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने गोव्यातच दाखवलंय ना, गावातली साधी माणसं शिकवून डिप्रेशनवाल्यांना मदत होते, 2010 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलला आलं होतं.

सायकॉलॉजी टीवाय: बाई, ते मोठ्या माणसांवर होतं, आणि फरक सरकारी केंद्रांत दिसला, प्रायव्हेट दवाखान्यांत नाही. स्वतःला इजा करणाऱ्या चौदा वर्षांच्या पोरांना तेच जसंच्या तसं लागू होईल असं धरून चालू नका.

डिचोलीचा बाप: मला बोलावलं असतं तर मी पण आवाज चढवला असता, खोटं कशाला बोलू. आधी आम्हालाच कोणीतरी बसवून सांगायला पाहिजे, ओरडू नका, अंगावरच्या खुणा दाखव म्हणून मागे लागू नका. पण कळायला पाहिजे दोन दिवसांत, महिन्याने नाही.

फोंड्याची ताई: दोन दिवस मान्य. तेवढ्यात मुलीला विचारा घरातलं कोण शांतपणे ऐकून घेईल, आई, मामा, मावशी, कोणीही.

डिचोलीचा बाप: मामा कशाला मध्ये!