शाळेतलं विणकाम, आणि दुसऱ्या कुणासाठी विणलेलं काही

आबोली
काल लेकीच्या दप्तरात चिठ्ठी सापडली. 'विणकाम मंडळ. ८ नंबरच्या सुया एक जोड, फिक्या रंगाची लोकर एक गुंडा, शुक्रवारी आणणे.' नाताळपर्यंत वृद्धाश्रमातल्या आजीआजोबांसाठी मांडीवर घ्यायच्या शाली आणि तान्ह्या बाळांसाठी टोप्या करायच्यात. चिठ्ठी वाचून मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले.

आमच्या फोंड्यातल्या शाळेत अगदी असंच होतं, १९९४ च्या सुमारास. शनिवारी शाळा लवकर सुटायची, मग वीसेक मुली आणि तीन मुलगे मागच्या व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसायचो. गुंडा रिकाम्या डब्यात ठेवायचा, नाहीतर तो घरंगळत थेट पटांगणातल्या चिखलात. पहिले कित्येक शनिवार नुसते सुलट टाके. माझे टाके इतके घट्ट पडायचे की सुई आत शिरायची नाही. त्यात हाताला घाम! लोकर सुईला चिकटायची, ओढली की चुंई चुंई वाजायची. बाईंनी पावडरचा डबा आणून ठेवला होता. बसायच्या आधी तळहात पुढे करायचे, त्या चिमूटभर पावडर टाकायच्या, तीर्थ दिल्यासारखी. काल चिठ्ठी वाचताना तो वास आला मला.

'गोव्यात लोकर कशाला?' हे घरी प्रत्येकाने विचारलं होतं. खरंच, जानेवारीतली पहाट सोडली तर आपल्याला स्वेटर लागतो कधी? त्यामुळेच असेल, आमच्यातल्या कुणीही स्वतःसाठी काही विणलं नाही. सगळं पहिल्यापासून दुसऱ्यांना द्यायच्या खोक्यात जायचं. माझा पहिला लाल मफलर मात्र मला ठेवून घ्यायचा होता. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, 'घडी तू घाल.' मी घातली आणि ठेवला खोक्यात. कुणाकडे गेला ते कळलं नाही. अजून थंडीत बेळगावला गेले आणि कुणाच्या गळ्यात लाल मफलर दिसला की मान वळते.

तुमचंही असं काही असेल तर लिहा ना.

जायो
आमच्याकडे सुया नाहीत, क्रोशे! साष्टीत वाढले. शेजारची मावशी कॉन्व्हेंटात सिस्टरांकडे शिकलेली. तिच्या घरी टीव्हीवर, फ्रिजवर, खुर्चीच्या पाठीवर, सगळीकडे पांढऱ्या क्रोशाच्या जाळ्या. आम्ही तिघी दुपारी तिच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या व्हरांड्यात, बसायचो. रुमाल दाखवायला नेला की ती आधी उलटा करायची. पुढची बाजू नंतर. मागे गाठी दिसल्या की परत. ते रुमाल चर्चच्या फेस्ताच्या वेळी विकायला ठेवायची आणि पैसे गरिबांच्या शिध्याला द्यायची. माझा पहिला ५ रुपयांना गेला, मी घरापर्यंत पळत आले होते.

पदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजतोय, पाव घेऊन येते.

तिखटमिरी
८ नंबर मुलांच्या हाताला बरोबर. नवीन लोकांसाठी: आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. आमच्याकडे 'मोठा नंबर म्हणजे जाड' समजून १४ च्या आणल्या गेल्या. दोन मिलिमीटरच्या सुयांवर पोरगं दोन दिवस झुंजलं, बोटभरसुद्धा वीण झाली नाही. शेवटी शेजारणीच्या जुन्या सुयांवर सुटका.

जायो
कोणी आणल्या ते नाही सांगितलंस 😄

तिखटमिरी
अहोंनी. पण स्वतः परत जाऊन बदलूनही त्यांनीच आणल्या, ते लिहायला हवं.

खारवी पोर
आबोलीताई, ते तीन मुलगे वाचून लिहितोय. मी काणकोणचा. आमच्या शाळेत मंडळात मी एकटाच मुलगा होतो. वर्गात दोन आठवडे चिडवलं. पण घरी बाबा आणि काका पावसाळ्यात होड्या वर काढल्या की जाळी दुरुस्त करायचे. लाकडाची चपटी सुई, तिच्यावर दोरा गुंडाळलेला, आणि घर सारख्या मापाचं यावं म्हणून एक पट्टी. जाळं फाटलं की आधी भोकाच्या कडा चाकूने साफ करायच्या, मग वरच्या घरापासून सुरू. मी सहा वर्षांचा असल्यापासून पट्टी धरायला बसायचो. त्यामुळे सुटलेला टाका मला भीतीदायक वाटलाच नाही. मुली रडकुंडीला यायच्या, 'टाका गळला, शिडी पडली', मी क्रोशाच्या सुईने खालून एकेक आडवा धागा उचलत वर आणून द्यायचो. तिसऱ्या आठवड्यापासून चिडवणं बंद. बाई माझ्याकडेच पाठवायच्या सगळ्यांना.

त्या वर्षी नऊ शाली झाल्या. वृद्धाश्रमात द्यायला गेलो तेव्हा एका आजोबांनी शाल मांडीवर घेतली नाही, हातात घेऊन वीण बघत बसले. बोटाने घरं मोजत होते. तेही मासेमारी करणारे निघाले. मला विचारलं, 'कोणाचो रे तूं?' बाबांचं नाव सांगितलं तर त्यांच्या बरोबरच्या रापणीतले, किनाऱ्यावरून एकच मोठं जाळं ओढणारे. मग शाल राहिली बाजूला.

आबोली
दादा, डोळ्यांत पाणी आणलंत. बाबांना सांगितलंत का घरी?

खारवी पोर
त्याच संध्याकाळी. पुढच्या रविवारी बाबा त्यांना भेटायला गेले, बांगडे घेऊन.

पारिजात डिचोली
माझा स्वतःचा अनुभव नाही, आईचा आहे, चालेल ना? १९६२ च्या चीनच्या युद्धाच्या वेळी ती सातवीत. गोवा मुक्त होऊन वर्षही झालं नव्हतं, शाळेत मराठी पुस्तकं नवी नवी आलेली. जवानांना थंडी आहे म्हणून मुलींनी मोजे आणि मफलर विणले, आई सांगते. लोकर बेळगावहून कुणीतरी आणली. सुया पुरेनात, तर आजोबांनी बांबूच्या कामट्या तासून, काचेच्या तुकड्याने घासून, खोबरेल चोळून सुया केल्या. एका टोकाला मेणाचा गोळा, टाके गळू नयेत म्हणून. त्यातली एक जोडी अजून आहे, काळी कुळकुळीत, हाताला गुळगुळीत. आईला आता दिसत कमी, पण सुया हातात दिल्या की बोटं टाके घालायला लागतात, लोकर नसली तरी.

मोज्याची टाच कुणालाच जमत नव्हती म्हणे. एक बाई सगळ्यांच्या टाचा स्वतः घरी नेऊन करायच्या.

तिखटमिरी
टाच अजूनही कुणाला जमत नाही 🙏 त्या बाईंना नमस्कार.

चोडणवासी
आमच्या शाळेत २६ जानेवारी २००१ ला झेंडावंदन करून घरी आलो आणि टीव्हीवर भूजच्या भूकंपाचं बघितलं. सोमवारी बाईंनी मंडळातल्या सगळ्यांना सांगितलं, हातातलं काम बाजूला, टोप्या सुरू. कच्छात रात्री थंडी असते आणि लोक उघड्यावर झोपलेत, एवढंच सांगितलं. मी रायबंदरच्या फेरीबोटीत उभ्याउभ्या विणायचो. पाच-सात मिनिटांची फेरी, जाताना एक ओळ, येताना एक ओळ. फेरीवरचे काका रोज विचारायचे, कितवी टोपी? चौथ्या टोपीला त्यांच्या बायकोने दोन गुंडे लोकर पाठवली. अशी गावातून कितीतरी लोकर आली, उसवलेल्या स्वेटरांची, वाकडीतिकडी. उसवलेली लोकर लडी करून कोमट पाण्यात बुडवून वजन लावून वाळवली की सरळ होते, ते तेव्हा शिकलो.

काजूबी
मी डावखुरी. शिकवताना बाई समोर बसायच्या, आरशासारखं. कुणाकडे डावखुरं मूल असेल तर शेजारी बसवू नका, समोर बसवा.

बाकी माझी मांजर आत्ता गुंडा घेऊन कपाटाखाली गेलीये. नंतर लिहिते.

नर्सताई
रात्रपाळी संपवून बसमधून लिहितेय. नवजात बाळांच्या वॉर्डात बरीच वर्षं काम करतेय, त्यामुळे टोप्यांबद्दल थोडं मनापासून.

बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, तिथून उष्णता फार जाते. ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या आणि अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना टोपी म्हणजे शोभा नाही, उपचारातलाच एक भाग. म्हणून शाळेच्या मुलांनी केलेल्या टोप्या आल्या की आम्हाला खरंच आनंद होतो. पण कधीकधी परत कराव्या लागतात आणि तेव्हा वाईट वाटतं. गोंडे, बटणं, मणी, रिबिनी नकोत, तोंडात जातात. टोचणारी लोकर नको. आतली शिवण आपल्या गालावर घासून बघा, गालाला टोचली तर बाळाला टोचणारच. मऊ बेबी लोकर किंवा सुती धागा. आपल्या हवेत सुती उत्तम, गरम पाण्यात धुता येतो.

कुणी ऑक्टोपस (अकाली जन्मलेल्या बाळांजवळ ठेवायचं विणलेलं खेळणं) विणायचं म्हणत असेल तर: ते डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये सुरू झालं. बाळ नळ्या ओढण्याऐवजी ऑक्टोपसचे पाय धरतं, ही कल्पना. त्याचे नियम कडक आहेत, १०० टक्के सुती धागा, वीण घट्ट, पाय ताणून २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नाही, ६० अंशांच्या पाण्यात धुता यायला हवा. आणि आधी वॉर्डला विचारा, सगळीकडे घेत नाहीत. मुलांना पहिल्यांदा टोपीच करू द्या.

आबोली
नर्सताई, देव बरें करूं! हे छापून शाळेत देते. टोपीची सोपी वीण आहे का तुमच्याकडे?

नर्सताई
मी विणत नाही गं, फक्त घालते बाळांना.

पारिजात डिचोली
मी देते. मऊ लोकर, १० नंबरच्या दोन सुया. ७२ टाके घाला. दोन सुलट दोन उलट अशी पट्टी ४ सेंमी. मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट, एकूण उंची १२ सेंमी होईपर्यंत. आता कमी करायचे: ६ सुलट, २ एकत्र, असं ओळभर. पुढची ओळ उलट. मग ५ सुलट २ एकत्र, पुढची उलट. असं करत १ सुलट २ एकत्रपर्यंत आलात की १८ उरतात. शेवटी सगळे दोन-दोन एकत्र, ९ टाके. धागा लांब कापून त्या नऊंमधून ओवून ओढा, त्याच धाग्याने मागची शिवण. कमी वजनाच्या बाळाला ५६ टाके, बाकी तेच, शेवटी ७ उरतील.

पट्टी सैल विणायची, कपाळावर वळ उठता कामा नये.

तिखटमिरी
एक दुखरी गोष्ट सांगते. आमच्या मुलांनी दोन वर्षांमागे पावसाळ्यात ३० चौकोन विणून, जोडून, तीन शाली एका संस्थेला दिल्या. फोटोबिटो झाले. पुढच्या वर्षी परत गेलो तर त्या शाली त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात, बुरशीने काळ्या झालेल्या. माझ्या मुलीने विचारलं, 'त्यांना आवडल्या नाहीत का?' काय सांगू? आता आम्ही आधी विचारतो, काय लागतं, कधी लागतं. पावसाळ्यात काही देत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की दोन दिवस उन्हात घालून, कागदात बांधून देतो. प्लास्टिकमध्ये कधीच नाही.

जायो
किती वाईट वाटलं असेल पोरीला. आमच्याकडे ट्रंकेत कडुलिंबाचा पाला ठेवतात, पण बुरशीला तो पुरत नाही, ऊनच पाहिजे. (पाव संपलेले, नुसते कातरे पाव मिळाले.)

चोडणवासी
चौकोनांवरून आठवलं, २०१६ मध्ये चेन्नईत क्रोशाच्या चौकोनांची जगातली सर्वांत मोठी चादर जोडली होती, ११,१४८.५ चौरस मीटर. माझ्या बहिणीने एक चौकोन पाठवला होता. ४० इंची. पाठवायच्या आदल्या रात्री ३९ भरला, रात्रभर जागून एक फेरा वाढवला.

खारवी पोर
एवढ्या मोठ्या चादरीत एका इंचासाठी जागली. शाबास ताईंची.

काजूबी
मांजर सापडली. गुंडा नाही सापडला.

म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात बेबी लोकर मिळते का कुणाला माहीत? की मडगावला न्यू मार्केटातच जावं लागेल?

तिखटमिरी
म्हापशात बाजाराच्या दिवशी गर्दीत रंग नीट बघता येत नाहीत, मधल्या वारी जा. एकाच लॉटचे गुंडे घे, लेबलवर नंबर असतो. लॉट बदलला की पांढऱ्यातसुद्धा फरक दिसतो.

आबोली
आठ दिवसांनी आले. शुक्रवारी लेक पहिल्यांदा बसली. ८ नंबरवर आधी सुलट टाक्यांची पट्टी, आणि घरी माझ्या मागे लागून ५६ टाक्यांची टोपी. तिसऱ्या ओळीत भोक पडलं, खारवी दादांचं वाचून क्रोशाच्या सुईने वर आणलं, मी हात लावला नाही. उसवायचं का विचारलं तर 'नको, बाळाला नाही दिसणार' म्हणाली. रात्री शिवण झाल्यावर टोपी आतली बाहेर केली आणि आधी गालावर घासली, मग कपाळावर, मग झोपलेल्या धाकट्या भावाच्या गालावर. तो हलला नाही. 'टोचत नाही,' म्हणाली. मग घडी घालायला बसली. टोपीची घडी कशी घालतात मलाही माहीत नव्हतं. दोघींनी मिळून घातली.

नर्सताई
शुक्रवारच्या खोक्यात ठेवा. आमच्याकडे कालच एक १४०० ग्रॅमची आलीये.

काजूबी
मी मंगळवारी जातेय म्हापशाला, कुणाला काय आणू? आबोली, तुला पांढरी की पिवळी?

आबोली
पिवळी. दोन गुंडे, एकाच लॉटचे.