शरदातली भांग: दूध, तूप, चटणी आणि हाताचा अंदाज

धागा सुरू करताना, बीडहून

दसरा झाला की आमच्याकडे सोयाबीनची मळणी उरकत आलेली असते, रब्बी ज्वारीच्या पेरणीची घाई असते, आणि दुपारचे ऊन अजून भाजत असले तरी पहाटे अंगावर काही ओढून घ्यावेसे वाटू लागते. याच दिवसांत कोजागिरीचे आटीव दूध आणि भोपळ्याचे घारगे होतात, मुगाच्या खिचडीवर तुपाची धार पडते. माझा भाचा परदेशात असतो. परवा त्याने भोपळ्याच्या सुपाचे छायाचित्र पाठवले आणि त्यात गांजाचे लोणी घातले आहे, असे अगदी सहज लिहिले. ते वाचून माझ्या मनात आले की आपल्या भागातल्या घरांनाही भांग अगदीच परकी नाही, परंतु तिच्याविषयी नीट लिहिलेले फारसे सापडत नाही. म्हणून हे आमंत्रण.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे भांगेच्याच झाडाचे फुललेले शेंडे. शेंड्यांशिवायची पाने, म्हणजे भांग, आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. त्यावरून भांग मोकळी आहे असा सोयीचा अर्थ पुष्कळ जण काढतात. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार भांगेलाही परवाना लागतो. त्यामुळे इथे घरच्या घरी करून पाहण्याच्या कृती मी मागत नाही. जुन्या आठवणी लिहा, आणि जिथे हे कायदेशीर आहे तिथले अनुभव लिहा.

जालन्याहून

1996 ची कोजागिरी. मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या कॉलनीच्या गच्चीवर दरवर्षी वर्गणी काढून दूध आटवले जाई आणि त्या वर्षी दोन पातेली होती: एक सर्वांसाठी आणि दुसरे, जिन्याच्या आडोशाला ठेवलेले, केवळ मोठ्या माणसांसाठी. दुसऱ्या पातेल्यात काय आहे हे आम्हा मुलांना ठाऊक नव्हते. ज्या काकांनी ते दूध तयार केले होते त्यांनी बदाम, खसखस आणि बडीशेप यांच्याबरोबर भांगेची पाने पाट्यावर वाटून, फडक्यातून गाळून दुधात घातली होती आणि ‘माझा हात बसलेला आहे’ असे ते सर्वांना सांगत होते.

आमचे पातेले अकराच्या सुमारास संपले. दूध वाढणाऱ्या ताईने काहीही न विचारता तेच ओगराळे दुसऱ्या पातेल्यात घातले आणि तळाचे दाट दूध मला व आणखी दोन मुलांना दिले. वेलदोडा, जायफळ आणि केशर इतके होते की वेगळी चव कळण्याचा प्रश्नच नव्हता. तासभर काहीच झाले नाही. नंतर चंद्र डाव्या बाजूला सरकतो आहे आणि पुन्हा जागेवर येतो आहे, असे मला दिसू लागले. मी हसत होतो, आणि हसू थांबवता येत नाही म्हणून घाबरून रडतही होतो. माझ्या धाकट्या मित्राला उलट्या झाल्या. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपलो.

मोठेपणी विचार करताना मला त्या काकांची चूक नेमकी कळली. वाटलेली पाने दुधात विरघळत नाहीत. फडक्यातून सुटलेला बारीक गाळ हळूहळू तळाशी बसतो. ज्यांनी वरचे दूध घेतले ते ‘यंदा काही मजा नाही’ म्हणत होते, आणि आम्हाला शेवटचे ओगराळे मिळाले. हात कितीही बसलेला असला तरी तळाशी काय साचले आहे हे त्या हाताला कळत नाही.

टोरांटोहून, माहेर उदगीर

कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून प्रौढांना गांजा कायदेशीर आहे आणि तो घालून घरी पदार्थ करण्यासही मुभा आहे. आमच्या ऑन्टारिओत वयाची अट 19 वर्षांची आहे. दुकानात तयार खाद्यपदार्थ त्यानंतर सुमारे वर्षाने आले आणि त्यांच्या एका पाकिटात जास्तीत जास्त 10 मिलिग्रॅम टीएचसी, म्हणजे नशा आणणारे द्रव्य, असू शकते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा प्रकार त्यावरच आहे.

इथला थँक्सगिव्हिंग, म्हणजे सुगीचा सण, ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतो. 2022 मध्ये कोजागिरी 9 तारखेला, रविवारी होती आणि थँक्सगिव्हिंग दुसऱ्याच दिवशी. मेपलची पाने लाल झाली होती, बाजारात बटरनट भोपळ्यांचे ढीग लागले होते. मित्रमंडळींसाठी भोपळ्याचे सूप आणि सफरचंदाचा ‘पाय’ हा भाजलेला गोड पदार्थ करायचे ठरले आणि मी त्यासाठी गांजाचे तूप केले. कच्च्या फुलात नशा फारशी नसते. आधी ओव्हनमध्ये मंद आचेवर ते भाजले की त्यातल्या आम्लाचे टीएचसी होते, आणि ते पाण्यात नव्हे, स्निग्धांशात उतरते. आपल्याकडे भांग दूध-तुपाच्याच सोबतीने का येते याचे कोडे मला तेव्हा सुटले.

मी 3.5 ग्रॅम फूल घेतले होते. पाकिटावर 20 टक्के लिहिले होते. म्हणजे त्यात 700 मिलिग्रॅम द्रव्य. एका कप तुपात 48 छोटे चमचे बसतात, तेव्हा चमच्याला साधारण साडेचौदा मिलिग्रॅम. भाजण्यात आणि गाळण्यात त्यातले काही जाते, पण किती जाते हे घरात मोजता येत नाही. दुकानातल्या अख्ख्या पाकिटापेक्षा माझा एक चमचा जड होता, आणि हा हिशेब मी केला तो मंगळवारी रात्री, इस्पितळात बसून. आधी नाही.

झाले असे की सूप सुरळीत पार पडले. मी प्रत्येक वाडग्यात पाव चमचाच घातला होता. उरलेले तूप काचेच्या बरणीत, घरच्या कढवलेल्या तुपाशेजारी फ्रिजमध्ये ठेवले. चिठ्ठी लावायची राहिली. मंगळवारी आम्ही दोघे कामावर गेलो असताना उदगीरहून आलेल्या आईने स्वतःसाठी मुगाची खिचडी केली आणि तिच्यावर चमचाभर तूप घेतले. तूप किंचित हिरवट दिसले, पण तिकडच्या गायी गवतच खात असतील असे तिला वाटले. आईचे वय सहासष्ट; रक्तदाबाची गोळी चालू. दीड तासाने तिचा फोन आला की तोंडाला कोरड पडली आहे, छाती धडधडते आहे आणि जमीन खाली खाली जाते आहे. तिला पक्षाघाताची शंका आली होती. मला बरणी आठवली आणि पायांतले बळ गेले.

विषबाधेच्या मदत क्रमांकावर विचारून आम्ही तिला तातडीच्या विभागात नेले. यावर उतारा म्हणून देण्याजोगे औषध नाही. शांत खोली, नाडी व रक्तदाबावर लक्ष आणि जवळ ओळखीचे माणूस, एवढाच उपचार. उभे राहताना रक्तदाब उतरून तोल जाऊ शकतो, म्हणून तिला एकटीने उठू दिले नाही. ओढलेल्या धुराचा परिणाम काही मिनिटांत कळतो. खाल्लेल्याचा अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत केव्हाही सुरू होतो, कारण ते यकृतातून जाते आणि तिथे त्याचे अधिक तीव्र रूप तयार होते. ते बारा तासही टिकू शकते. मध्यरात्री आई थोडी सावरली आणि मला म्हणाली, “लेकीच्या घरचं तूपसुद्धा आता विचारून घ्यायचं का गं?” मला उत्तर देता आले नाही.

वैद्य, लातूर जिल्हा

आमच्या ग्रंथांत भांगेला विजया म्हणतात आणि ती शुद्ध करूनच वापरायची असते: निवळ पाणी येईपर्यंत धुवायची, वाळवायची आणि मग गायीच्या तुपात मंद परतायची. जातिफलादी चूर्णात ती असते. औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत तिची नोंद आहे, बी वगळून. हिवाळ्याच्या लाडवात थोडी घालू का, असे विचारणारे दरवर्षी येतात. मी त्यांना डिंक आणि हळीव सांगतो.

लातूरहून, पूर्वी अल्मोड्यात नोकरी

बियांविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. उत्तराखंडातल्या कुमाऊँत थंडीची चाहूल लागली की घरोघर भांगेच्या बियांची चटणी होते. बी तव्यावर तडतडेपर्यंत भाजायचे, जिरे, हिरवी मिरची, कोथिंबीर किंवा पुदिना व मीठ घालून वाटायचे आणि वर लिंबू पिळायचे. चव कारळाच्या आणि तिळाच्या मधली, आणि साल दातांत अडकते ती जवसासारखी. अळकुड्यांच्या रश्श्यात हेच बी पाण्यात वाटून, गाळून, त्याचे दूध घालतात. तो रस्सा ज्वारीच्या भाकरीबरोबर इतका चांगला लागतो की तिथल्या लोकांनी भाकरी कधी खाल्ली नाही याचे मला वाईट वाटते.

यात नशा नाही. 2021 मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने भांगेचे बी, त्याचे तेल व पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली आणि बियांमध्ये टीएचसी किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत असावे अशी मर्यादा घातली. तिथे भंगजीर नावाचेही बी मिळते. ती निराळीच वनस्पती आहे. मी पहिल्या वर्षी तेच घेऊन आले होते आणि सासूबाईंना अभिमानाने भांगेची चटणी म्हणून वाढले होते.

परभणी जिल्ह्यातून

आमच्या कापसाच्या कडेने अंबाडी असते. गेल्या ऑक्टोबरात पुण्याचा पुतण्या आला, बांधावर गेला आणि धावत परत येऊन हळूच म्हणाला, “काका, तुमच्या शेतात गांजा आहे.” त्याची चूक म्हणता येणार नाही. पाने तशीच बोटे फाकल्यासारखी, कातरलेली. अंबाडीच्या शास्त्रीय नावातही ‘कॅनाबिनस’ हाच शब्द आहे. मी त्याला खोडावरचे बारीक काटे आणि भेंडीसारखे पिवळे, आत गडद लाल असलेले फूल दाखवले. शेवटी पान चावायला दिले. आंबट लागल्यावर त्याचा विश्वास बसला.

ऑक्टोबरात पाने जून होतात, म्हणून शेंड्यांचा कोवळा पाला खुडून आणला. तो उकडून, पिळून, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून घोटला, वर लसणाची चरचरीत फोडणी दिली. पुतण्याने तीन भाकरी खाल्ल्या आणि अर्ध्या तासाने गंभीर चेहऱ्याने विचारले, “झोप येते आहे, हे नक्की अंबाडीनेच ना?”

पुन्हा टोरांटोहून

बीडच्या ताईंनी खासगीत विचारले की आता ते तूप करते का. करते, वर्षातून एकदा. पण संपूर्ण तूप एकसारखे ढवळून बर्फाच्या साच्यात मोजून गोठवते आणि कुलपाच्या डब्यात ठेवते. आई यंदाच्या कोजागिरीला पुन्हा इथे आहे. तिने उदगीरहून स्वतःची पितळी तूपदाणी आणली आहे, तिच्या गळ्याला लाल दोरा बांधला आहे, आणि दुसऱ्या कुठल्याही भांड्यातले तूप ती ताटात पडू देत नाही.